मानमोडीचा उन्हाळा

मेलेली कोंबडी उघडून बघायची, हात साबणानं कोपरापर्यंत धुवायचे आणि समोरच्याला सांगायचं, “आधी पुरा, मग बोला.” आमच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांची ही रीतच होती. मी तिथं मलमपट्टी करणारा ड्रेसर होतो.

सत्तर सालानंतरची ती वर्षं. कोल्हापूरच्या आसपास पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्यांच्या शेडी उठत होत्या, पण बाजारात जाणारा माल चांगला की वाईट हे बघायला कुणी नव्हतं. मेलेली कोंबडी सोलून खानावळीत गेली, तर रश्श्यात ती कुणाला ओळखू येणार? डॉक्टर बाहेर कधी कोंबडी खात नसत.

एकदा आमच्या घरी आले. बायकोनं ऑम्लेटसाठी अंडी काढली, तर यांनी पातेलंभर पाणी मागितलं आणि एकेक अंडं त्यात सोडलं. तरंगलं ते शिळं म्हणून बाजूला. बायको म्हणाली, “एवढं पारखून तर मला लग्नातबी कुणी बघितलं न्हाय.” डॉक्टर खळखळून हसले. तसं हसताना मी त्यांना पुन्हा फारसं पाहिलं नाही.

त्यांचं गाव पन्हाळ्याच्या वाटेवर. आई धाकट्या भावाजवळ राहायची. डॉक्टरांच्याच सांगण्यावरून भावानं म्हशी विकून शेड टाकली होती. एका उन्हाळ्यात मानमोडी आली. या रोगात कोंबडीची मान पिळल्यासारखी वाकडी होते, आणि बघता बघता शेड रिकामी पडते. निरोप मिळताच आम्ही मोटारसायकलवरून गेलो.

शेडच्या दारात एक व्यापारी टोपल्या भरत होता. मेलेल्या कोंबड्या खाली, आजारी वर. डॉक्टरांनी टोपल्या उपड्या केल्या. ते सरकारी जनावरांच्या खात्यातले आहेत हे ऐकल्यावर व्यापारी निघून गेला. भाऊ मात्र जवळ आला.

“दादा, सगळं जग इकतंय. माझंच का अडवतोस?”

“जगाचं मला दिसलं न्हाय. हे दिसलंय.”

“घरचं हाय म्हणून तरी डोळं झाक की.”

“खाणाऱ्याच्या घरातबी लेकरं हायत,” डॉक्टर म्हणाले.

खड्डा खणायला भाऊ आला नाही. डॉक्टरांनी आणि मी खणला. तडफडणाऱ्या कोंबड्यांच्या माना डॉक्टरांनी स्वतः मुरगळल्या. ते काम मला करू दिलं नाही. वर चुना टाकला, माती ओढली. आई पायरीवर बसून बघत होती. शेवटी पदर तोंडाला लावून आत गेली.

ती शेड पुन्हा भरली नाही. भाऊ इचलकरंजीला यंत्रमागावर पाळीनं कामाला जाऊ लागला. सणासुदीला डॉक्टर गावी गेले, की तो मागच्या दारानं बाहेर पडायचा. आई दोघांच्या मधे पडायची नाही. नुसतं ताट वाढायची.

मग आई गेली. डॉक्टरांना हे गावच्या एका माणसाकडून कळलं, तोवर अग्नी देऊन झाला होता. रक्षाविसर्जनाला मी त्यांच्याबरोबर गेलो. अंगणात जाजमावर माणसं बसली होती. डॉक्टर पायताण काढून घरात जायला निघाले. डोकं भादरलेला भाऊ पुढं आला. आवाज चढवला नाही, वाटही अडवली नाही. परक्या माणसाशी बोलावं तसा नरमाईनं म्हणाला,

“पावणं, हितं बसा. च्या येतोय.”

डॉक्टर पाहुण्यांत बसले, जाजमाच्या कडेला. कुणीतरी त्यांच्या हातात कप दिला. तो त्यांनी खाली ठेवला नाही आणि तोंडालाही लावला नाही. माणसं उठू लागली तेव्हा गार झालेला तो कप मीच त्यांच्या बोटांतून सोडवून घेतला.