एकटीच्या नावावर

युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात तिला सगळे मास्तर म्हणत. कुणी नवखा 'मास्तरीणबाई' म्हणाला, तर ती हातातलं काम थांबवून नुसती त्याच्याकडे बघायची. तो आपोआप सुधारायचा. चाळीस थर कापड एकावर एक अंथरायचं, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि कापायचं यंत्र फिरवायचं. चुकलं तर एक शर्ट जात नाही, चाळीस जातात. सतरा वर्षांत तिचं चुकलं नव्हतं, आणि हे सांगायला ती लाजत नसे.

नवरा फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करायचा. हात चांगला, पण खरा जीव घासाघीस करण्यात. भाव न करता आणलेली चप्पल त्याला चावायची. आठ वर्षांपूर्वी दुकानासाठी काढलेलं कर्ज थकलं, तेव्हा बँकेच्या माणसासमोर तीन तास ठाण मांडून त्याने ते साठ टक्क्यांत मिटवलं होतं. चाळीस टक्के बँकेने सोडून दिले. ते पत्र त्याने प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलं होतं आणि आल्यागेल्याला दाखवत असे.

आता घरासाठी कर्ज मागायला गेले, तेव्हा तेच अंगाशी आलं.

"काका, तुमचा क्रेडिट स्कोअर फारच खाली आहे," बँकेतली कर्ज बघणारी मुलगी म्हणाली.

"असं कसं? माझ्याकडे एक पैसा बाकी नाही. हे घ्या पत्र."

तिने ते नीट वाचलं. "बाकी नाही, पण बँकेला तिचे पूर्ण पैसे मिळाले नाहीत. तशी नोंद आहे. दोघांचा अर्ज एकत्र दिलात तर मंजूर होणार नाही."

"म्हणजे सूट घेतली हा गुन्हा झाला?"

"गुन्हा नाही हो. पण पुढचा देणारा दहादा विचार करतो."

"राहिलेले आता भरले तर?" मास्तरने विचारलं.

"भरा, चांगलंच आहे. पण स्कोअर वर यायला वर्ष-दोन वर्षं जातील."

एवढा वेळ नव्हता. घरमालकाला भाड्याची जागा परत हवी होती, आणि तिसऱ्या मजल्यावरचा तो फ्लॅट महिनाअखेरपर्यंतच त्यांच्यासाठी अडवून ठेवलेला. लेकीने खिडकीजवळचा कोपरा आधीच बळकावला होता.

"माझ्या एकटीच्या पगारावर किती मिळेल?"

बँकेतल्या मुलीने आकडा सांगितला. बराच कमी होता.

"आणि घरावर यांचं नाव?"

"ज्याचं नाव घरावर, तो कर्जातही लागतो. म्हणून सध्या घर तुमच्या एकटीच्या नावावर."

सिग्नलला त्याने स्कूटर थांबवली. मग मागे न बघता म्हणाला, "मालकीणबाई, भाडं किती घेणार?"

"आधी डिपॉझिट बघू."

तो हसला.

संध्याकाळी फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटचा फोन आला. "ताई, तुमच्या भावाला लावा ना अर्जात. नोकरी पक्की आहे, स्कोअर झकास. घरावर नुसतं नाव लागेल त्यांचं."

"ज्याची उशी माझ्या घरात नाही, त्याचं नाव माझ्या घरावर नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

कारखान्यात कापड कमी पडलं की मालक हात वर करायचा. मास्तर मात्र तुकडे फिरवून बघायची. एकाची बाही दुसऱ्याच्या खांद्याखाली सरकवायची, कॉलर उरलेल्या फटीत बसवायची. जेवणं झाल्यावर ती घराच्या हिशेबाचा कागद घेऊन तशीच बसली. झाकलेलं पार्किंग वेगळ्या किमतीचं होतं, ते काढलं. स्वयंपाकघरातली कपाटं पुढे ढकलली. तरी एक भोक उरलं. नव्या गाळ्यासाठी नवऱ्याने साठवलेली रक्कम त्यात बरोबर बसत होती. तिने ती लिहिली नाही. पेन्सिल खाली ठेवली.

त्याने कागद पुढे ओढला, आकडा स्वतःच्या हाताने लिहिला.

पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या सासूबाईंचे कान तिकडेच होते. "घर तिचं, पैसे तुझे. छान आहे."

"आई, वीस वर्षं हप्ता ती फेडणार आहे."

"आणि उद्या तिने तुला बाहेर काढलं तर?"

"आई, काढायचंच असतं तर दुकान बुडालं तेव्हाच काढलं असतं," मास्तर म्हणाली. "तेव्हा सामानही कमी होतं."

सासूबाईंनी हसू टॉवेलात लपवलं. "मला तरी ठेवशील ना गं?"

"तुम्हाला ठेवावंच लागेल. पाचाला उठून डबे कोण भरणार?"

नवरा हसला नाही. "तेव्हा बँकेचे सगळे भरायला हवे होते मी," म्हणाला.

"हो." तिला जरा मऊ बोलता आलं असतं, पण ती बोलली नाही. "आता भरा दर महिन्याला थोडे थोडे. सूट मागायची नाही. स्कोअर वर आला की तुमचं नाव लावू."

"नाव लावायलाही खर्च असतो."

"असू दे."

कर्ज मंजूर झालं. नोंदणी कार्यालयात पंखा फिरत होता आणि रांग सरकत नव्हती. त्यांचा नंबर आला. तिचा फोटो निघाला, अंगठा उमटला. कारकुनाने वर न बघता विचारलं, "साक्षीदार दोन?"

एजंट पुढे झाला. दुसऱ्या माणसाला त्यानेच बोलावलं होतं. तो कुठे अडकला कोण जाणे, फोन उचलत नव्हता.

"मी करतो सही," नवरा म्हणाला.

"तुम्ही कोण?"

"मिस्टर आहे मी यांचा."

"चालेल. ओळखपत्र द्या."

त्याने सावकाश नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, मग थांबला. "पत्ता कुठला टाकू गं?"

"नवा टाका."

"ओळखपत्रावर आहे तोच टाका," कारकून म्हणाला. "नवा अजून झालेला नाही."

त्याने जुना टाकला, सही केली आणि कागद तिच्याकडे वळवला. तिने पान वरपासून खालपर्यंत वाचलं. वर ती होती, खाली तो.

"लागलं की नाही नाव?" तो म्हणाला.

"साक्षीदार म्हणून."

"मग? इतकी वर्षं तुला माझ्याइतकं जवळून बघितलंय कुणी?"

मास्तरने कागद कारकुनापुढे सरकवला. "घ्या, शिक्का मारा," ती म्हणाली. "आम्हाला आजच किल्ली घ्यायची आहे."