वादळं टाळून ठरवलेला हनिमून

आमचा हनिमून उत्तम झाला, असं माझी आई सांगते.

ती सांगते तेव्हा ऐकणारे आधी मान डोलावतात आणि मग हळूच माझ्याकडे बघतात. अशा वेळी मी ताबडतोब उसाच्या दराबद्दल बोलायला लागतो. पण गप्प बसण्यालाही मर्यादा असते. या प्रकरणात अन्याय झाला आहे आणि तो माझ्यावर झाला आहे!

मी कडेगावजवळच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवतो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. आबांनी ऊस लावला, आईनं म्हशी सांभाळल्या, म्हणून मला चक्रीवादळांचा अभ्यास करता आला. (त्यांच्या कष्टाचं चीज झालं की नाही, ते पुढं वाचून तुम्हीच ठरवा.) असा माणूस हनिमूनला महाबळेश्वरला जाऊन, भाजलेलं कणीस खाऊन परत येईल का? मी जाहीर केलं, अंदमान! तेही एकच बेट नाही. आधी पोर्ट ब्लेअर, तिथून बोटीनं हॅवलॉक, तिथून नील.

"अंदमान?" आबांनी चहाची बशी खाली ठेवली. "का रं? काय केलंस?"

शेजारचे दिनूतात्या तर उभेच राहिले. "काळ्या पाण्यावर? आन् त्या पाटणच्या पोरीला पण नेणार? तिचा काय गुन्हा?"

पाटणची पोरगी म्हणजे माझी बायको, स्नेहल. कराडच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. तिची अट एकच होती. आमच्या घरात आधी पुरुष जेवणार, मग बायका. त्यामुळे मी आचवायला उठायचो तेव्हा ती ताट घ्यायची. "कुठंही चला," ती म्हणाली, "पण दोघंच. एकदा तरी आपण दोघं एका वेळी जेवायला बसू." मी शब्द दिला. भूगोलाच्या शिक्षकाचा शब्द!

आमचं लग्न मे महिन्यात झालं. एप्रिल-मे म्हणजे बंगालच्या उपसागरात वादळांचे दिवस. जूनपासून पावसाळा, बोटी कधी बंद पडतील नेम नाही. तो संपतोय तोवर ऑक्टोबर ते डिसेंबर पुन्हा वादळं. हे सगळं मी भिंतीवर नकाशा टांगून, छडीनं दाखवून घरच्यांना समजावलं. उरले जानेवारी ते मार्च. समुद्र शांत, आकाश निरभ्र!

"जानेवारीत?" आई म्हणाली. "पयली संक्रांत हाय तिची. हलव्याचं दागिनं घालून होडीत बसवणार व्हय?"

"बरं, मग मार्च."

"शिमगा! नव्या सुनेनं पयल्या वर्षी सासरची होळी बघू न्हाई. म्हायेरी जायाचं असतंय."

"उत्तम! माहेरी जायच्या ऐवजी अंदमानला येईल. तिथूनही सासरची होळी दिसत नाही."

"अंदमान म्हायेर हाय का तिचं?"

समुद्राची निदान सॅटेलाइटवरून आधी सूचना तरी मिळते, आईची मिळत नाही! शेवटी तावडीत सापडला फेब्रुवारी. तोवर लग्नाला नऊ महिने होणार होते. आमच्याच मुहूर्तावर उजवलेल्या एका जोडप्याच्या घरी पाळणा बांधायची तयारी चालली होती आणि आम्ही अजून बॅग बघत होतो.

तिकिटं काढली, बोटी ठरल्या, हॉटेलं ठरली. (बुकिंग रद्द केल्यास छदाम परत मिळणार नाही, ही ओळ मी वाचली होती. पण वादळच नाही म्हटल्यावर रद्द कशाला होईल?) त्या संध्याकाळी आबा म्हणाले, "तेवढं आपल्या उसाची लागण कवाची नोंदलीया ते बघ गड्या. तोड त्याच टायमाला आली म्हंजे?"

"आबा," मी म्हणालो, "मी इथं बंगालच्या उपसागराचं बघतोय!"

हे वाक्य आबांनी पाठ करून ठेवलं आहे. हल्ली मीठ मागितलं तरी ते आधी हे वाक्य म्हणतात आणि मग मीठ देतात.

ज्यांच्या शेतात ऊस नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊस आपला असला तरी तो कधी तोडायचा हे कारखाना ठरवतो, लागणीच्या तारखेप्रमाणे. तोडणीची टोळी दारात आली की घरचं माणूस रानात उभं पाहिजे. ती एकदा पुढं गेली की ऊस जागेवर वाळतो आणि मालक तिच्या मागं फिरून वाळतो.

म्हणून आबा गुपचूप कारखान्याच्या गट ऑफिसात गेले. (म्हणजे त्यांच्या मते गुपचूप.) भरल्या ऑफिसात ते म्हणाले, "सायब, पोराचं हनिमून हाय. आमची तोड जरा मागं घ्या."

साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "नंबर लागणीच्या तारखेनं लागतो आबा, हनिमूनच्या तारखेनं न्हाई."

झालं! दुसऱ्या दिवशी न्हावी माझ्या गळ्याभोवती कापड गुंडाळत म्हणाला, "मग गुर्जी, तोड आधी का हनिमून आधी?" आमच्या हेडमास्तरांनीही रजेचा अर्ज हातात घेऊन तेच विचारलं. फक्त शुद्ध भाषेत.

उत्तर आम्ही निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मिळालं. ट्रॅक्टर धडधडत आला, मागं दोन ट्रॉल्या आणि कोयते घेऊन टोळी. आबा खाटेवरून उठले ते धावतच सुटले. "आवं मुकादम! थांबा! पोराचं हनिमून हाय! आठ दिसांनी या!" दोन्ही हात वर करून ते बांधावरून ओरडत निघाले आणि सरीत पाय मुरगळून आडवे झाले. दुपारी कराडहून परत आले ते गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून.

आता ज्याच्या हनिमूनपायी बापाचा पाय मोडला, त्यानं कोणत्या तोंडानं पोहायला जावं? मी थांबायचं ठरवलं. आणि स्नेहलला म्हणालो, "तू जा. माझ्यासाठी तू नको थांबूस."

(नवरा असं म्हणाला की बायकोनं काय म्हणायचं असतं, हे सगळ्या जगाला माहीत आहे! त्यावर माझं पुढचं वाक्यही तयार होतं: "वेडी आहेस का? जाऊ पुढच्या वर्षी!")

"खरंच?" स्नेहल म्हणाली. "बरं."

बरं!

"एकटी पोरगी येवढ्या लांब कशी जाईल?" आबा खाटेवरून गरजले. "आईला धाड संगं!"

"मी? माझं काय काम त्या अंदमानात?" असं आई म्हणाली खरी. पण म्हणताना ती माळ्यावरून बॅग काढत होती.

विमानाच्या तिकिटावरचं नाव बदलता येत नाही, म्हणून आईसाठी नवीन तिकीट काढलं. माझी जागा रिकामीच गेली. म्हणजे बघा, माझी जागासुद्धा हनिमूनला गेली. राहिलो तो मीच!

पुढचे दिवस मी उसाच्या रानात काढले. पाचटानं तोंडावर ओरखडे उठले, ट्रॉलीचं चाक पाटात रुतलं, आणि ते ढकलत असताना खिशात फोन वाजला. व्हिडिओ कॉल.

"आरं महेश, हितं पलंगावर टावेलचं दोन बगळं करून ठेवल्यात," आई ओरडत होती. "चोचीला चोच लावून! मी सोडवून वाळत घातलं."

"आई, ते हनिमूनवाल्यांसाठी असतं."

"असू दे की. वलं हुतं. आन् केक पण दिला. त्यावर तुमची दोघांची नावं हुती. तुझं नाव माझ्या वाट्याला आलं. लय ग्वाड हुतं."

रात्री समुद्रकाठी दोघींसाठी मेणबत्त्या लावून टेबल मांडलं होतं. "लाईट गेलीया वाटतं," आई म्हणाली. "मी त्या पोराला म्हणलं, राहू दे बाबा, आमच्याकडं पण जाती."

"समुद्र कसा आहे?" मी दात आवळून विचारलं.

"निवांत हाय. आपल्या पाझर तलावासारका. तुजा अभ्यास बराबर आला बघ!"

खरं सांगतो, त्या आठवड्यात मी उपसागराचा नकाशा दिवसातून कितीदा उघडला असेल! मोठं वादळ नको होतं मला. एखादा लहानसा कमी दाबाचा पट्टा, थोडं भुरभुरणं, बोटीत जरा मळमळ. एवढंही नाही! मागं मुकादम ट्रॉलीवर मोळी फेकत म्हणत होता, "गुर्जी, तुमचा हनिमून लय जोरात चाललाय म्हणं!"

दोघी परत आल्या त्या नाकं काळवंडून, हसत. मी चार दिवस फुगून बसायचं ठरवलं होतं. पण पहिल्याच संध्याकाळी आईनं भाकरी थापताना सहज सांगितलं, "तिथं आमी दोघी टेबलाला बसायचो आन् लोकं आणून वाढायची. लगीन झाल्यापासनं इतकं गरम कवा खाल्लं न्हवतं मी." मग तिनं तवा उतरवला आणि हुकूम सोडला, "हितनं पुढं समद्यांनी येकदम बसायचं!"

तर स्नेहलला दिलेला शब्द मी पाळला, असं म्हणायला हरकत नाही. आम्ही आता एकाच वेळी जेवायला बसतो. मध्ये फक्त आई असते आणि आबांचं प्लास्टर.

परवा दिनूतात्यांचा अक्षय आला. त्याचं लग्न ठरलंय. "दादा, अंदमानचं विचारायचं हुतं," म्हणाला. मला भरून आलं. शेवटी कुणाला तरी माझ्या अभ्यासाची किंमत कळली! मी नकाशा काढला, छडी काढली, वारे कुठून येतात, दाब कुठं कमी होतो, सगळं सांगितलं. त्यानं चहा संपेपर्यंत ऐकलं. मग कप खाली ठेवून तो म्हणाला, "झालं का दादा? मग जरा काकीला हाक मार की. तिथं जाऊन आलेल्या माणसाला विचारावं म्हणलं."

मी हाक मारायच्या आत आई पदराला हात पुसत बाहेर आली, माझी छडी बाजूला सारून बसली आणि म्हणाली, "आदी ह्ये सांग, तुमच्या उसाची लागण कवाची?"