रपट्यावरची साखळी

कॉलेजात गेल्यावर माझा देवावरचा विश्वास हळूहळू गळून पडला. लहानपणी घाटंजीला वडील मला दर शनिवारी मारोतीच्या देवळात नेत आणि कापसाच्या जिनिंग गिरणीमागच्या मैदानावर कबड्डीला उतरण्याआधी तिथला शेंदूर माझ्या कपाळाला लावीत. ते जिनिंगमध्ये कापूस तोलत. खेळ ही त्यांच्या लेखी मारोतीची सेवाच होती. पुढे यवतमाळच्या कॉलेजच्या संघात माझं नाव झालं. मी चढाईला निघालो की बघणारे गप्प होत. हे सगळं माझ्याच मांड्यांचं आणि माझ्याच दमाचं, असं मला वाटू लागलं. साठ सालानंतरच्या एका श्रावणात घरी आलो, तेव्हा वडिलांनी देवळात चल म्हटलं आणि मी चक्क नाही म्हणालो. ते एकटेच जाऊन आले.

चौथ्या दिवशी त्यांच्या पोटात कळ उठली. गावच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन लागेल, आजच यवतमाळ गाठा. बैलगाडीत घालून त्यांना गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत आणलं. नाल्यावर पूल नव्हता, पाण्यातून जायला दगड रचून केलेला नुसता बुटका रपटा होता, आणि तो पाण्याखाली गेला होता. यवतमाळची प्रवासी मोटार पलीकडच्या काठावर अडकून उभी. बैल पाण्यात पाय घालीनात. आई म्हणाली, "एकट्यानं नको जाऊ, मानसं येऊ दे." पण माझा माझ्या पायांवर भरवसा होता. शेवटी तिने आपल्या जुन्या लुगड्याने वडिलांना माझ्या पाठीशी बांधलं.

अर्ध्यापर्यंत नीट गेलो. मग एका निखळलेल्या दगडाच्या खाचेत पाऊल अडकलं. कमरेएवढं पाणी जोराने रेटत होतं, आणि जन्मात पहिल्यांदाच माझे पाय माझं ऐकेनात. पुढे जाता येईना, मागे वळता येईना. वडिलांचा तापलेला श्वास मानेवर लागत होता. एवढ्या वेदनेत ते हळूच म्हणाले, "भेऊ नको, बापू." तेव्हा मी मारोतीचं नाव घेतलं, असं सांगायला मला आवडलं असतं. पण खरं सांगतो, मी कुणाचंच नाव घेतलं नाही. डोळे मिटले. मनात एवढंच आलं की आता माझ्यानं होत नाही.

डोळे उघडले तर समोरून माणसं पाण्यात उतरत होती. जवळच्या तांड्यावरचे सात-आठ बंजारे बाजाराला जायला मोटारीपाशी थांबले होते, तेच. पुढे पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा होता. त्यांनी एकमेकांचे पंजे धरले नव्हते, मनगटं धरली होती. कबड्डीत साखळी अशीच धरायची, हे आमच्या शिक्षकांनी घसा कोरडा करून शिकवलं होतं. यांना कुणी शिकवलं होतं? म्हाताऱ्याने माझं मनगट पकडलं आणि म्हणाला, "अंग सोड." मी सोडलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा मात्र मी सगळा भार त्याच्या हातावर टाकला, आणि पाऊल खाचेतून आपोआप सुटल्यासारखं निघालं. पुढचं मला फारसं आठवत नाही. पाठ हलकी झाली तेव्हा वडील मोटारीत होते.

त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. वडील वाचले.

महिन्याने मी आणि आई तांड्यावर गेलो. सगळे भेटले. पाण्यात पहिल्यांदा कोण उतरलं, असं मी विचारलं. साखळीच्या टोकाला असलेला म्हणाला, पुढच्यानं मला ओढलं. मधल्यांनीही तेच सांगितलं. मग म्हातारा म्हणाला, त्याच्या मनात उतरायचं नव्हतंच. मागून कुणीतरी त्याचं मनगट धरलं आणि पुढे रेटलं, म्हणून तो उतरला. मग सुरुवात कुणी केली? कुणालाच सांगता येईना. आईने हात जोडले. त्या प्रश्नाचं उत्तर मी आजवर शोधलेलं नाही, आणि आता शोधावंसंही वाटत नाही.

निघताना मी म्हाताऱ्याच्या पाया पडायला वाकलो. म्हटलं, तुम्हाला फार भार झाला असेल. त्याने मला खांद्याला धरून उभं केलं.

"तुहा बाप हलका होता गा," तो म्हणाला. "तूच जड होता. अंग सोडतच नव्हता."