उंदराशी बोलायचं न्हाय

नववीत शाळा सोडली आणि परभणीहून इतक्या लांब कोल्हापुरात येऊन एका फार्मसी कॉलेजात उंदरांचे पिंजरे धुवायला लागलो. उंदरांवर प्रयोग करणाऱ्या मॅडम मुरगूडकडच्या. अंबाड्यात पेन खोचून, काचेला नाक लावून उभ्या राहायच्या. काही उंदीर त्या घोळक्याने ठेवायच्या, काही एकेकटे. मग भोंगा वाजवायच्या. घोळक्यातले दचकून लगेच खायला लागायचे, एकटे मात्र कितीतरी वेळ थिजून बसायचे. प्रत्येक भोंग्याला मीही थिजायचो, पण माझी नोंद कुणी घेत नव्हतं.

एकदा भोंगा वाजला तरी एक एकटा उंदीर मजेत मिशा पुसत बसला. मॅडम माझ्याकडे वळल्या. "पावणं, ह्याला काय केलंसा?"

"काही नाही. पिंजरा धुताना बोलतो त्याच्याशी. घरचं, आईचं."

"रोज?"

"रोजच. दुसरं कोण ऐकतंय?"

नोकरी गेलीच म्हणून मी मनातल्या मनात परभणीच्या एसटीत बसलोसुद्धा. मॅडमनी पेन काढून पुन्हा खोचलं.

"अवो, मग त्यो एकटा कुठला? तुमी हायसा की! माझा प्रयोग घातलासा पाण्यात." आणि हसल्या. "आजपासनं उंदराशी बोलायचं न्हाय. डबा घेऊन आमच्यात बसा, काय बोलायचं ते हितं बोला."

बसलो, डबा उघडला. "भात करपलाय माझा," एवढंच शेवटी म्हणालो. लगेच दोन-तीन हात भाजी घेऊन एकदम माझ्या डब्याकडे आले, आणि कधी नव्हे तो मी थिजलो नाही.