थांबता कुठं आलं असतं?

आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाई कुठलीही लढाई शिकवायच्या, पण ती कोण जिंकलं ते कधी सांगायच्या नाहीत. पोरं ओरडायची, "बाई, जिंकलं कोण?" बाई म्हणायच्या, "ते पुस्तकात आहे, घरी वाचा. मला आधी सांगा, थांबता कुठं आलं असतं?" म्हणून पोरांनी नाव ठेवलं लढाईबाई. खरं तर थांबाबाई ठेवायला हवं होतं.

मी त्या शाळेत खिचडी शिजवायची. चूल वर्गाच्या खिडकीला लागून. माझं शिक्षण चौथीत सुटलं ते सुटलं, पुढचं सगळं जग मी त्या खिडकीतून ऐकलं. बाईंना ते ठाऊक होतं. फळ्याकडं तोंड करून बोलायच्या तेव्हा आवाज जरा चढवायच्या, तो माझ्यासाठी.

यंत्रं आली तो धडा त्यांनी वर्गात शिकवलाच नाही. पोरांना गुऱ्हाळावर नेलं, रस पाजला, आणि तिथूनच लांबची कारखान्याची चिमणी दाखवली. म्हणाल्या, "तुमचा पणजा दिवस बघून उठायचा. आजा भोंगा ऐकून उठला. ह्या दोघांच्या मधी जे झालं, त्याला औद्योगिक क्रांती म्हणतात." पाटाच्या कडेला उभं करून साहेबाचं राज्य शिकवलं. एक पोरगं म्हणालं, "बाई, साहेब चांगला होता की, पाट दिला." बाई म्हणाल्या, "पाट दिला, मान्य. आता घरी जाऊन विचार, माती कुणाच्या डोक्यावरनं गेली." दुसऱ्या दिवशी निम्म्या वर्गाला आपापल्या पणज्या सापडल्या.

पण माझ्या मनात रुतला तो पहिल्या महायुद्धाचा तास. बाईंनी पोरं गोल उभी केली, ज्यानं त्यानं शेजाऱ्याचा सदरा धरायचा. एकाला ढकललं, सगळा गोल धुळीत. "चूक कुणाची?" बाईंनी विचारलं. जो तो शेजाऱ्याकडं बोट दाखवतोय. "बरं, थांबता कुठं आलं असतं?" तेव्हा माझा पोरगा संदीप धूळ झटकत म्हणाला, "थांबायचं समद्यांलाच असंल बाई, पण आधी कोण थांबणार? लोक हसत्यात की." बाईंनी त्याच्या पाठीवरची धूळ झटकली. मग म्हणाल्या, "माघारीला निमित्त लागतं रे बाळा. ते द्यायला कुणी नव्हतं." माझ्या हातातला डाव तसाच राहिला आणि खिचडी बुडाला लागली.

पुढं बाई निवृत्त झाल्या आणि पाटाच्या फाट्याजवळच खोली घेऊन राहिल्या. पोरांचे बाप्ये झाले. आणि एका उन्हाळ्यात पाण्याची पाळी चुकली.

पाळी म्हणजे काय, हे आपल्या भागात सांगायला नको. तरी सांगते. पाटाचं पाणी आधी शेपटीच्या गावांना, मग वरच्यांना, असं ठरलेलं. आमी शेपटीचे, पाट संपतो तिथले. माझं माहेर वरच्या अंगाला. त्या खेपेला आमची पाळी असताना वरच्यांनी आपली दारं उघडी ठेवली. म्हणाले, आमचं भिजायचं राहिलंय. इकडं आमची केळी माना टाकायला लागलेली. पाणी सोडणारा पाटकरी बिचारा दोन्हीकडनं शिव्या खाऊन फोन बंद करून बसला.

दुपारी बातमी आली की आमची पोरं वरची दारं पाडून बंद करायला निघाली. मी पळत पाटावर गेले. बघते तर संदीपच्या हातात पहार. आणि दारावर पाय रोवून उभा कोण? माझ्या सख्ख्या भावाचा विक्रम. दोघं एका बाकावर बसलेले, माझ्या हातची खिचडी खाल्लेले.

"विक्या, बाजूला हो."

"पाटाचं दार हाय, तुझ्या बाचं न्हाय. हात लावून बघ."

"आत्याच्या पोराला दम देतो व्हय रं?"

"आत्या हितं कशाला आणलीस? पदराआड लपायला?"

फोन लागत होते, दोन्ही बाजूंनी ट्रॅक्टर येत होते, ज्यानं त्यानं आपापली भावकी बोलावलेली. मी ओरडत होते, पण ऐकतो कोण! संदीपनं पहार उचलली. विक्रमच्या मागची माणसं काठ्या घेऊन पुढं सरकली. आता एकानं ढकललं की सगळा गोल पडणार.

तेवढ्यात छत्री टेकत बाई आल्या. सरळ दोघांच्या मधी येऊन उभ्या. वाटलं, आता भाषण. बाईंनी एकदा ह्याच्याकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं, आणि मटकन खालीच बसल्या. डोळे फिरवले. "संदीप, डोकं धर. विक्रम, पाय उचल. पाणी..."

पहार धुळीत पडली. पाण्यासाठी एकमेकांच्या उरावर बसायला निघालेली एवढी माणसं, पण प्यायचं पाणी एकाकडं नाही! शेवटी वरच्यांच्या टेंपोतनं जार आला, आमच्या पोरांनी तो बाईंच्या तोंडाला लावला. बाईंना जीपमध्ये घातलं, बारामतीच्या दवाखान्याला निघणार तशा बाई क्षीण आवाजात म्हणाल्या, "दोन्हीकडची माणसं संगं पाहिजेत बाबा." पुढारी होते तेवढे सगळे जीपमध्ये बसले. मागं उरलेले थोडा वेळ उभे राहिले आणि बाईंचं कसं हाय, बाईंचं कसं हाय, असं विचारत घरी गेले. दवाखान्याच्या बाकावर चहा पिता पिता पाळी ठरली, निम्मी निम्मी. हसलं कुणीच नाही.

मी कॉटशी वाकून विचारलं, "बाई, चक्कर खरी का हो?"

डोळे मिटूनच म्हणाल्या, "शांताबाई, पोरं पाटावर न्हाईत ना? मग झालं."

यंदा थंडीत बाई गेल्या. आधी दुखणं नाही, कुणाला त्रास नाही. तिरडीला पुढं संदीप, मागं विक्रम. वाटेत दोघं एकमेकांना खांदा बदलायला सांगत होते आणि दोघंही बदलत नव्हते.

हल्ली रोज टीव्हीवर कुठली ना कुठली लढाई. मोडलेली घरं, पोरं उचलून पळणाऱ्या बाया. परवा जेवताना संदीपचा घास हातातच राहिला. म्हटलं, "काय रं, कोण जिंकतंय?"

तो म्हणाला, "आई, ह्यांच्यात चक्कर यायला कुणी म्हातारी न्हाय का गं?"