कापसात गुंडाळलेली फौज

धरणगावात माझ्या घरासमोर एका तरुणाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक नसलं की तो टेबलावरच्या लढाईच्या खेळासाठी प्लास्टिकच्या सुट्या भागांचे बोटाएवढे राक्षस जोडी आणि रंगवी. ब्रशने त्यांचा डोळा काढताना श्वास रोखून धरी. "काय सेनापती, लगीन कधी?" असं मी रोज विचारी. तो हसे.

हस्तकला प्रदर्शनात मी परीक्षक होतो. निवृत्त चित्रकला शिक्षकाला एवढंच उरतं. त्याने शंभर राक्षस कापसात गुंडाळून केळीच्या खोक्यातून आणले. पण प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाच्या सेक्रेटरींच्या सुनेने थर्माकोलचं मंदिर केलं होतं आणि सेक्रेटरींची शाल आधीच माझ्या खांद्यावर पडली होती. मी जाहीर केलं, "ही बाजारातून रंगवून आणलेली खेळणी आहेत. बाद!" लोक हसले.

तो जवळ आला. "नाना, यास्ले मी तुम्हना समोर रंग दिधा ना? सांगा ना बठ्ठास्ले," त्याने जमलेल्या सगळ्यांकडे हात केला.

"मी काही पाहिलं नाही," मी म्हणालो.

"आमना खेळमा हारनारा बी लबाड बोलत नही, नाना," एवढंच म्हणून तो एकेक राक्षस पुन्हा गुंडाळू लागला.

वर्षभर मी त्याला रंगवताना पाहिलं होतं आणि बक्षीस त्याचंच होतं, हे आज लिहून देतो. दुसऱ्या दिवशी त्याने दुकानाला जाड पडदा लावला. तेव्हापासून मात्र मी खरंच काही पाहिलेलं नाही.