कान न टोचलेला मुलगा

शर्टाची गोष्ट माझ्या नाती पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. नवऱ्याचा एकुलता एक चांगला शर्ट मी सुक्या बोंबलांच्या पाटीत तळाशी कोंबला, आणि तो घालून पालघरला नसबंदीच्या ऑपरेशनला जायची त्याची हिंमत झाली नाही. पोरी पोट धरून हसतात. मी तिथेच थांबते. पुढचं इथे लिहिते.

साठ-एकसष्ट साल असेल. सातपाटीत आमच्या आळीत चौथी पास झालेली सून मी एकटी, म्हणजे स्वतःच्या मते बॅरिस्टरच. थोरली मुलगी होती, तिच्या पाठीवर मुलगा झाला. बाराव्या दिवशी सोनाराने त्याचे कान टोचले आणि रक्त थांबेना. हळद दाबली, फडकी बदलली. पालघरच्या डॉक्टरांकडे नेला, पण दुसऱ्या दिवशी तो गेला.

डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्या माहेरी कुणी असं गेलंय?"

माझा मामा मासळी कापताना बोट कापून गेला होता. मी सांगितलं.

"मग हा दोष तुमच्याकडून येतोय. पुढचा मुलगा असाच होईल असं नाही, पण होऊ शकतो. झाला तर त्याचे फार हाल होतील. विचार करा."

विचार नवऱ्याने केला. होडीवरचा माणूस, बोलायचा कमी. म्हणाला, "मी आपरेशन करून घेतो. एक पोरगी हाय, बस झाली."

"मला मुलगा हवाय. पोट माजं हाय, तुमचं नाय."

"पोट तुजं गो, पन हाल त्याचे ना?"

यावर माझं उत्तर म्हणजे तो शर्ट. पुढच्या खेपेला तो पालघरला निघाला तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही, मग त्याने विषयच सोडला.

दुसरा मुलगा झाला. मी त्याचे कान टोचू दिले नाहीत. सुई नाही तर रक्त नाही, अशी माझी अक्कल! दारातच दुखणं अडवलं म्हणून मी मनात खूश. शेजारणी टोचून बोलायच्या, "काय गो, भुंडाच ठेवलास पोराला? सोनं संपलं काय?" मी नाक वर करून पुढे जायची.

तो रांगायला लागला आणि त्याचे गुडघे निळे पडले. रक्त आतल्या आतच साचत होतं. सात वर्षांचा होईतो एक पाय आखडला. इतर पोरं किनाऱ्यावर धावत, हा दारातल्या खाटेवर बसून बघे. एकदा सासूबाई त्याच्यासमोर बोलून गेल्या, "डागतरानं सांगितलं व्हतं तुज्या आयला."

मी बाजारातून परतले तशी त्याने विचारलं, "आय, तुला ठाव व्हतं?"

"होईलच असं नव्हते म्हनाले ते."

"पन होईल असंबी म्हनाले ना?"

"अरे, तू झालाच नसतास मग!" मला वाटलं, जिंकले.

"मग मी नसतो. दुखलंबी नसतं कुनाला."

मी हात उगारला. पण त्याला मारायची सोय नव्हती, साध्या चापटीनेही निळं पडायचं. हात तसाच खाली घेतला.

पुढे काही महिन्यांनी त्याचा दात हलायला लागला. त्याने सांगितलं नाही. भाकरी दुधात कुस्करून मागायचा, मला वाटलं लाडात आलाय. दात पडला तेव्हा तोंड गच्च मिटून बसला होता, रक्त गिळत.

"सांगितलं का नाय रे?"

"तू घाबरशील."

रक्त थांबलंच नाही. त्यानंतर तो तीनच दिवस होता. हो, मला ठाऊक होतं, एवढंच मला त्याला सांगायचं होतं. तेही मी सांगितलं नाही. उद्या बरं वाटेल, उद्या बरं वाटेल, म्हणत राहिले.